घडीचा चाकू : एका लहानशा यंत्राची जडणघडण

चाकू ही वस्तू इतकी परिचयाची आहे, की तिच्यात यंत्रशास्त्राचा काही प्रश्न दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. घरातील सुरी अथवा विळी यांना हलणारा भाग नसतो. पाते आणि मूठ एकमेकांना कायमची जोडलेली असतात आणि धार चांगली असली म्हणजे झाले. खिशात ठेवावयाच्या घडीच्या चाकूची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे पाते एका खिळ्याभोवती फिरते, पाठीमागची पोलादी कमान त्या पात्याला दाबून धरते, आणि मूठ या दोहोंना आधार देऊन मिटलेली धार आपल्या पोटात घेते. पाते, कमान व मूठ या तिघांचा मेळ बसला तरच तो चाकू उपयोगी पडतो. हा मेळ केसभर चुकला तर पाते डुगडुगते, किंवा मिटताना धार कमानीवर आपटून बोथट होते, किंवा काम करीत असता पाते अवचित मिटून धरणाऱ्याच्या बोटांवर येते. यास्तव हाताने असा चाकू घडविणे म्हणजे भूमिती, बलशास्त्र व धातुविद्या यांचे एक लहानसे गणित सोडविणेच होय. ते गणित कारागीर कसे सोडवितो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्राचीन परंपरा

घडीच्या चाकूची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हॉलस्टाट येथे इसवी सनापूर्वी सुमारे ६०० ते ५०० या काळातील एक घडीचा चाकू सापडला असून त्याची मूठ हाडाची आहे. रोमन साम्राज्यातही असे चाकू प्रचारात होते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक रोमन साधन आहे. त्यात लोखंडी पात्याबरोबरच चमचा व काटादेखील एकाच चांदीच्या मुठीत मिटविण्याची सोय केलेली आहे.

खिळ्यापाशी होणाऱ्या घर्षणाखेरीज पाते उघडे ठेवणारे दुसरे काही अशा प्राथमिक चाकूंत नसे. खिळा सैल झाला की पातेही सैल. ही उणीव पाठीच्या कमानीने दूर झाली. सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे कमानीचे चाकू बनू लागले, आणि पुढे शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगन व फ्रान्समधील तिएर ही गावे या धंद्यासाठी जगभर प्रसिद्ध झाली. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील रामपूरचे नाव या कारागिरीशी इतके जोडले गेले आहे, की ‘रामपुरी’ हा शब्द घडीच्या चाकूचे दुसरे नावच होऊन बसला. आपल्या पानाच्या डब्यातील अडकित्ताही याच कुळातला. एका खिळ्याभोवती फिरणारे पाते हेच त्याचेही मर्म आहे.

आधी कागद, मग पोलाद

अनुभवी कारागीर प्रथम पोलादाला हात लावीत नाही. तो कागदावर आकृती काढतो. याचे कारण सोपे आहे. चाकूच्या कामात बहुतेक सर्व क्रिया धातू काढून टाकण्याच्या असतात. कानशीने घासून काढलेले पुन्हा भरून येत नाही. कागदावरील चूक पुसता येते, पोलादावरील येत नाही.

समजा, मुठीची लांबी १०० मिलिमीटर ठेवावयाची आहे. फिरण्याचा खिळा मुठीच्या पुढच्या टोकापासून ८ मिलिमीटरवर आहे. मग खिळ्यापासून मुठीच्या मागच्या टोकापर्यंत ९२ मिलिमीटर जागा उरते. मिटल्यावर पात्याचे टोक बाहेर राहू नये, म्हणून खिळ्यापासून टोकापर्यंतचे अंतर ९२ पेक्षा कमीच हवे. थोडी मोकळीक सोडून ते ८५ धरू. त्यातील सुमारे १० मिलिमीटर भाग मुठीत अडकलेला राहतो. म्हणजे कापण्यास उपयोगी पडणारी धार उरते सुमारे ७५ मिलिमीटर. १०० मिलिमीटरच्या मुठीत १०० मिलिमीटरची धार का बसत नाही, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

रुंदीचेही असेच आहे. मुठीच्या खोलीतून कमानीची जाडी वजा केली म्हणजे जे उरते, त्यातच पाते बसावयास हवे. शिवाय पात्याची पाठ थोडीशी बाहेर राहिली पाहिजे. नाहीतर पात्यावरील नखाच्या खाचेत नख घालून ते उघडता येणार नाही.

आकृती मनासारखी झाली की कारागीर जाड पुठ्ठ्याचे पाते, मूठ व कमान कापतो आणि खिळ्याच्या जागी टाचणी टोचून पाते फिरवून पाहतो. टोक कोठे जाते, धार कमानीला लागते काय, मूठ तळव्यात नीट बसते काय, हे सर्व या खेळण्यावरच कळून येते. पुष्कळदा तीनचार पुठ्ठे वाया जातात. परंतु एक पुठ्ठा वाया जाणे म्हणजे पोलादाची एक पट्टी आणि कित्येक तासांचे श्रम वाचणे होय.

बूड, कमान व टाच

पात्याचा जो भाग मुठीत राहतो त्याला आपण ‘बूड’ म्हणू. बुडाला एक भोक असते व त्यातून फिरण्याचा खिळा जातो. बुडाचा आकार साधारणपणे चौकोनी असतो, आणि या चौकोनातच चाकूचे सारे शहाणपण साठविलेले असते. पाते पूर्ण उघडले असता बुडाची एक सपाट बाजू कमानीला टेकते. पाते काटकोनात आले की दुसरी बाजू टेकते आणि ते क्षणभर तेथे थांबते. हा अर्धा थांबा म्हणजे, मिटवीत असता बोटे बाजूला घेण्याची दिलेली सूचनाच होय. पाते पूर्ण मिटले म्हणजे बुडाची तिसरी बाजू कमानीवर येते.

या तिन्ही बाजू खिळ्याच्या मध्यापासून सारख्या अंतरावर असल्या, तर तिन्ही स्थितींत कमान एकाच उंचीवर राहते आणि चाकूच्या पाठीवरून बोट फिरविले असता कोठेही पायरी लागत नाही. अंतरांत फरक असला तर कमान एका स्थितीत वर येते व दुसऱ्या स्थितीत आत दबते. पुष्कळ कारागीर डायल गेज नावाच्या काट्याच्या मापकावर हा फरक मोजतात. मापक नसेल तेथे बोटाचे टोकच ते काम करते. मिलिमीटरच्या काही शतांश भागांची पायरीदेखील सरावलेल्या बोटाला जाणवते.

तिसऱ्या बाजूवर धारेच्या अंगाला एक लहानसा उंचवटा ठेवतात. त्याला ‘टाच’ म्हणू. मिटलेल्या पात्याचा भार ही टाच कमानीवर पेलते व त्यामुळे धार कमानीपासून अलग राहते. टाच फार उंच असली तर टोक मुठीबाहेर डोकावते व खिसा फाडते. फार कमी असली तर धार कमानीवर आपटते.

येथे तरफेचा नियम लक्षात घेतला पाहिजे. टाच खिळ्यापासून १० मिलिमीटरवर आहे आणि टोक ८० मिलिमीटरवर आहे असे समजू. टाचेवरून कानशीने ०.१ मिलिमीटर धातू काढला, तर टोक आठपट, म्हणजे ०.८ मिलिमीटर खाली जाते. म्हणूनच कारागीर येथे कानशीचे दोनतीन हात मारतो, पाते बसवून पाहतो, पुन्हा काढतो व पुन्हा घासतो. घाई करणाऱ्याला ही टाच क्षमा करीत नाही.

कमानीचे गणितही असेच कडक आहे. एका टोकाशी घट्ट बसविलेली पट्टी वाकविण्यास लागणारा जोर तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ३ मिलिमीटर जाडीची कमान ३.३ मिलिमीटरची केली, म्हणजे जाडी केवळ एकदशांशाने वाढविली, तर जोर सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. कमान फार ताठ झाली तर नख मोडेल पण पाते उघडणार नाही. फार मऊ झाली तर पाते खिशातच उघडेल. या दोहोंमधील योग्य जागा कारागीर कमानीचे पोट थोडे थोडे घासून शोधतो. चांगला चाकू उघडताना व मिटताना एक स्वच्छ ‘टक्’ असा आवाज होतो. जाणकार त्या आवाजावरून जुळणी कशी झाली आहे हे ओळखतात.

पोलादाला पाणी देणे

आतापर्यंतचे सर्व काम पोलाद मऊ असताना झालेले असते. मऊ पोलाद कानशीने घासले जाते, परंतु त्याची धार टिकत नाही. धार टिकण्यासाठी त्याला पाणी द्यावे लागते.

चाकूसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या साध्या पोलादात शेकडा सुमारे १ भाग कर्ब असतो. असे पोलाद तापवीत गेले असता ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते, आणि या नव्या मांडणीत कर्ब विरघळून राहू शकतो. आता हे पोलाद सावकाश निवू दिले, तर कर्ब पुन्हा बाहेर पडून पोलाद पूर्ववत मऊ होते. पण तेच तेलात बुडवून एकदम थंड केले, तर कर्बाला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. तो लोखंडाच्या मांडणीत अडकून पडतो, ती मांडणी ताणली जाते, आणि पोलाद अतिशय कठीण होते. या कठीण रचनेला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ असे नाव मिळाले आहे.

योग्य उष्णता ओळखण्याची एक युक्ती लोहारांना माहीत आहे. लोखंडाचे चुंबकत्व सुमारे ७७० अंशांवर नाहीसे होते. तापलेल्या पात्याला चुंबक ओढीनासे झाले, की आणखी थोडी उष्णता देऊन पाते सुमारे ८०० अंशांवर तेलात बुडवावयाचे. पाण्यापेक्षा तेल बरे, कारण पाणी फार झपाट्याने उष्णता ओढून घेते व पातळ पाते वाकते किंवा तडकते.

तेलातून काढलेले पाते काचेइतके ठिसूळ असते. ते हातातून फरशीवर पडले तरी तुटू शकते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून तासदोन तास तसेच ठेवतात. या क्रियेत काठिण्य थोडे कमी होते, पण चिवटपणा पुष्कळ वाढतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर या वेळी वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग येतो. कमानीला मात्र धार धरावयाची नसून आयुष्यभर वाकावयाचे असते. म्हणून ती ३०० अंश किंवा त्याहून अधिक तापवितात. ३०० अंशांच्या सुमारास पोलादावर निळी झाक येते. एकाच पट्टीतून कापलेले पाते व कमान यांचे स्वभाव केवळ शंभरदोनशे अंशांच्या फरकाने असे निराळे होतात.

न गंजणारे पोलाद हा या कथेतील निराळा अध्याय आहे. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकांच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत होते. शेकडा १२.८ भाग क्रोमियम असलेले त्यांचे एक पोलाद गंजत नाही असे त्यांना आढळले. त्यात कर्ब मात्र शेकडा ०.२४ भागच होता. पुढे कर्बाचे प्रमाण वाढवून व उष्णतेची क्रिया सुधारून चाकूंस योग्य अशी अनेक गंजरोधक पोलादे तयार करण्यात आली. तथापि लिंबू कापल्यावर काळे पडणारे साधे पोलाद आजही अनेक कारागिरांना प्रिय आहे. त्याला भट्टीवर पाणी देता येते व निसण्यावर त्याची धार लवकर लागते.

बोटांचे रक्षण

कमानीचा चाकू कितीही चांगला असला, तरी त्यात एक मूलभूत दोष राहतोच. कमान पात्याला केवळ दाबते, अडकवीत नाही. टोकाने भोक पाडण्याचा प्रयत्न केला किंवा पात्याच्या पाठीवर जोर पडला, तर पाते मिटू शकते. हा दोष काढण्यासाठी कारागिरांनी अनेक कुलुपे योजिली.

फ्रान्सच्या सावोय प्रांतातील जोझेफ ओपिनेल यांनी १८९० साली लाकडी मुठीचा एक अत्यंत साधा चाकू तयार केला. १८९७ साली त्याच्या १ ते १२ अशा क्रमांकांच्या मापांची मालिका झाली. प्रारंभी या चाकूस कुलूप नव्हते. १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी एक फिरती पोलादी कडी बसविली. पाते उघडून कडी फिरविली की पात्याच्या मिटण्याचा मार्गच बंद होतो. एका कडीने पासष्ट वर्षांची उणीव भरून निघाली, आणि मूळ चाकूचा साधेपणाही गेला नाही. सुधारणा कशी असावी, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे प्रसिद्ध कुलूप अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी प्रचारात आणले. यात मुठीच्या अस्तराची एक पट्टीच कमानीसारखी वाकवून ठेवलेली असते. पाते उघडताच ती आत सरकते आणि बुडाच्या मागे उभी राहते. बुडाचा तेथील पृष्ठभाग किंचित उतरता असतो, आणि या उताराचा कोन हाच कुलपाचा प्राण आहे. उतार फार झाला तर पाते दाबले असता पट्टी बाजूला घसरते. पोलादावर पोलादाचा घर्षणगुणांक ०.१५ धरला, तर घसरण्याची मर्यादा सुमारे साडेआठ अंशांवर येते. म्हणून कारागीर ७ ते ८ अंशांचा उतार ठेवतात. त्याहून कमी का नाही? कारण जोडातील झीज भरून काढण्यासाठी पट्टीला आत सरकावे लागते. ८ अंशांच्या उतारावर ०.१ मिलिमीटर झिजेसाठी पट्टी सुमारे ०.७ मिलिमीटर सरकते, तर ४ अंशांवर सुमारे १.४ मिलिमीटर. उतार अतिशय कमी असला तर पट्टी थोड्याच काळात पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकते. शिवाय ती अडकूनही बसते. शाळेत शिकविला जाणारा उतरत्या पृष्ठभागाचा नियम येथे माणसाची चार बोटे वाचवितो.

शेवटची जुळणी

सर्व भाग तयार झाल्यावर खिळा ठोकून जोडणी करावयाची असते. हे काम पाहावयास सोपे, परंतु करावयास कठीण आहे. खिळ्याचे डोके हातोडीने हलकेच पसरविताना दोन्ही बाजूंची अस्तरे पात्यावर आवळली जातात. फार आवळली तर पाते हलत नाही, कमी आवळली तर डुगडुगते. यासाठी पाते व अस्तर यांच्यामध्ये अतिशय पातळ पत्र्याचा तुकडा सरकवून ठेवण्याची युक्ती योजितात. खिळा पक्का झाला की पत्रा ओढून काढावयाचा. मग त्याच्या जाडीएवढीच मोकळीक उरते.

यानंतर येते धार. पात्याची जाडी पाठीपासून धारेकडे कमी होत जाऊन धारेच्या लगत अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणावी लागते. दोन्ही बाजूंचे उतार मिळून ३० ते ४० अंशांचा कोन सामान्य कामास योग्य असतो. कोन कमी केला तर धार तीक्ष्ण होते पण लवकर मोडते, वाढविला तर टिकते पण फळ कापण्याऐवजी फाडते. पहिला चाकू तयार झाल्यावर कारागीर तो स्वतः वापरून पाहतो. दोरी, पुठ्ठा, लाकूड कापून हाताला कोठे रुतते, कमान कोठे खरखरते, हे टिपून ठेवतो आणि दुसरा चाकू त्या टिपणांवरून बनवितो. प्रयोग, निरीक्षण, दुरुस्ती व पुन्हा प्रयोग हीच शास्त्राची रीत, आणि लोहारशाळेतही तीच चालते.

धारेची किंमत

या धंद्याचा इतिहास सांगताना ज्यांनी तो आपल्या श्वासाने चालविला त्यांना विसरता येणार नाही. पूर्वी पाती वालुकाश्माच्या मोठ्या चाकांवर घासली जात. या दगडात सिलिका असते. घासताना उडणारी तिची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन साठते, फुप्फुस कठीण होत जाते व माणूस अकाली मरतो. कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचे हाल सर्वांत अधिक होत. १८४३ साली शेफील्डचे डॉक्टर जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी या विकारावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिएर येथील कामगार पाण्यावर चालणाऱ्या चाकांच्या वर फळीवर पालथे पडून पाती घाशीत. गारठ्यापासून बचाव व्हावा म्हणून ते आपल्या पायांवर कुत्री बसवून घेत. चाकाच्या गढूळ पिवळ्या पाण्याने अंग माखत असल्यामुळे त्यांना ‘पिवळ्या पोटाचे’ असे नाव पडले होते.

१८९१ साली एडवर्ड अॅचिसन यांनी विजेच्या भट्टीत कार्बोरंडम हा कृत्रिम, अतिशय कठीण पदार्थ तयार केला. अशा कृत्रिम पदार्थांच्या चाकांनी पुढे वालुकाश्माची जागा घेतली व हे संकट पुष्कळ कमी झाले. परंतु सिलिकेच्या धुळीचा धोका जगातून गेलेला नाही. गुजरातमध्ये खंबायत येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांतही हाच विकार आढळला आहे. पोलादाची, लाकडाची व शिंगाची धूळही निरुपद्रवी नव्हे. यास्तव घासण्याचे काम करताना तोंडावर योग्य गाळणी, डोळ्यांवर चष्मा व धूळ ओढून नेणारा पंखा यांना भट्टी व ऐरण यांच्याइतकेच आवश्यक साहित्य मानले पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

वर सांगितलेली भूमिती पडताळून पाहण्यास पोलादाची व धारेची गरज नाही. जाड पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर लांबीची मूठ, साडेआठ सेंटिमीटर लांबीचे पाते व एक कमान कापावी. मूठ व कमान दुसऱ्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवावीत आणि पाते टाचणीने टोचावे. पाते मिटवून त्याच्या टोकाची जागा पेन्सिलीने टिपावी. मग टाचेच्या जागी कागदाचा एक कपटा चिकटवावा व टोक किती वर येते ते मोजावे. एकाऐवजी दोन, तीन, चार कपटे लावून प्रत्येक वेळी मोजमाप घ्यावे. मिळालेल्या आकड्यांचा आलेख काढला, तर तो जवळजवळ सरळ रेषेत येईल, आणि त्या रेषेच्या चढावावरून तरफेचे प्रमाण काढता येईल.

दाराची बिजागरी, कात्री, अडकित्ता व छत्रीची काडी यांतही हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी उभा असतो. एका खिळ्याभोवती काय फिरावे, कोठे थांबावे व कशाने थांबावे, हे ठरवावे लागते. ज्या हातांनी हे प्रश्न शतकानुशतके सोडविले, त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत. परंतु खिशातील साधा चाकू उघडताना होणारा तो स्वच्छ ‘टक्’ आवाज त्यांच्याच अभ्यासाची साक्ष देतो.